विद्युल्लताबाईंच्या घरचा ओव्हन

रामघाट, काशी
१८ जानेवारी १९९६

चि. नीरजास,

आशीर्वाद. तिळगूळ दोन दिवसांत संपला म्हणतेस, म्हणजे तुझ्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी खाल्ला. पुढच्या साली दात लागणार नाहीत असा कडक करीन.

तुझ्या बापाचं गोरखपूरहून पत्र आहे. रेल्वे त्याला एवढ्यात परत पाठवत नाही. घरात आम्ही तिघं. अनिमेष बँकेत जातो, मालविका शाळेत शिकवायला जाते. तिला चौथा लागला, उलट्या थांबल्या. तुझी वहिनी म्हणून सांगते, मुलगी वाईट नाही, फक्त दारं आदळते.

आता कामाचं. तू यंत्रं तपासण्याच्या नोकरीत आहेस म्हणून विचारते, नाहीतर तुला विचारायची वेळ माझ्यावर आली नसती.

आपल्या गल्लीतली विद्युल्लता. तिच्याकडे तो बिजलीचा डबा आला आहे, आग न लावता अन्न तापवणारा. मालविकाच्या बापाने नागपूरहून दिवाळसणाला अनिमेषला दिला, अगदी तसलाच. दार खाली उघडतं, पाटासारखं आडवं होतं. तर तिच्या खिडकीची जाळी उघडी राहिली आणि त्या उघड्या दारावर वानर येऊन बसलं. चांगलं थोराड होतं. आता दार लागतं, पण उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात फट दिसते. लोक म्हणतात आतले किरण बाहेर येतात आणि माणसाला खातात. ती बाई घाबरली आहे. मी घाबरलेली नाही, माझा काय संबंध.

खरं काय ते लिही. चौथी शिकलेल्या बाईला कळेल असं लिही. विद्युल्लता चौथीच शिकली आहे.

आजी

ता. क. वानराला काही झालं नाही.


पुणे
२९ जानेवारी १९९६

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. वानर सुखरूप आहे हे वाचून जिवात जीव आला.

विद्युल्लताकाकूंना सांग, हे किरण एक्स-रेसारखे नव्हेत. या लहरी अन्नातल्या पाण्याला हलवतात, पाणी तापतं, म्हणून अन्न तापतं. बटण बंद झालं की त्या संपल्या. दिवा मालवल्यावर उजेड मागे उरतो का? तसंच. अन्नात काही राहत नाही, ते खुशाल खावं. दाराच्या काचेत बारीक छिद्रांचा पत्रा असतो, त्या छिद्रांत या लहरी मावत नाहीत.

म्हणजे चांगल्या ओव्हनची भीती नको. पण दार वाकलं, बिजागरी ढिली झाली किंवा कडेला खरकटं साचून दार नीट बसेना, तर तिथून गळती होऊ शकते. गळकी लहर अंगावर आली तर अंग तापवते, बाकी काही करत नाही. पण डोळ्यातल्या भिंगाला रक्त पोचत नाही, त्यामुळे तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. रोज अगदी जवळ तोंड नेऊन पाहत राहिलं आणि गळती मोठी असली, तर मोतीबिंदूची भीती.

ओव्हन बंद असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडकली तर ठीक. सहज निघून आली तर तिथे फट आहे. हे नुसतं ठोकताळ्याचं झालं. खरी गळती मोजायला मीटर लागतो. मोजेपर्यंत त्यांनी तो वापरू नये, एवढं मात्र नक्की सांग.

तुझी, नीरजा


रामघाट
९ फेब्रुवारी १९९६

चि. नीरजास,

आशीर्वाद. पत्र मिळालं. विद्युल्लतेने कागद लावून पाहिला, गेल्या सालचं पंचांग फाडून. तीन बाजूंना पान अडकलं, ओढलं तर फाटलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात मात्र अख्खा श्रावण महिना हाताशी चालून आला.

मग तिने चौकातला बिजलीमिस्त्री बोलावला. तो स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन आला, त्यात दिवा असतो तो. डब्याच्या पत्र्याला लावला तर दिवा लाल झाला. मिस्त्री म्हणाला, "अम्मा, लीक तो है. घर में बच्चा होगा तो अँधेरे में चमकेगा." मी त्याला जिन्यावरून हाकलला. म्हणजे विद्युल्लतेने हाकलला. मी तिथेच बसले होते.

आता हे नीट वाच. घरात पोटुशी बाई असेल तर? विद्युल्लतेच्या सुनेला दिवस आहेत. किती लांब उभं राहिलं तर चालतं, किती जवळ राहिलं तर नाही? मिस्त्री म्हणतो ते खरं का? गोल गोल लिहू नकोस. आणि पाकिटावर फक्त माझं नाव घाल. अनिमेष माझी पत्रं फोडतो आणि मग मोठ्याने वाचून दाखवतो, जसं काही मला वाचता येत नाही.

आजी


पुणे
२० फेब्रुवारी १९९६

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. मिस्त्रीचं ऐकू नका. त्याचा पेचकस पत्र्यातली वीज दाखवतो, लहरी दाखवत नाही. दिवा लाल झाला म्हणजे प्लगचं अर्थिंग खराब आहे, झटका बसेल. ते आधी नीट करून घ्यायला सांग. आणि बाळं चमकत नाहीत.

आता सुनेचं. ओव्हनपासून तीन बोटांच्या अंतरावर मोजलं तर गळती पाच मिलिवॅटच्या आत हवी, असा नियम आहे. ही हद्द बरीच सावधपणे ठरवलेली आहे. शिवाय लांब जाल तशी लहर फार झपाट्याने विरते. तीन बोटांवर जेवढी असते, त्याचा अगदी किरकोळ हिस्सा हातभर अंतरावर उरतो, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला शोधूनही सापडत नाही. पोटुशी बाईने मुद्दाम दाराला टेकून उभं राहू नये, आणि बिघडलेला ओव्हन तर कुणीच वापरू नये.

काकूंचं झालं. आता तुझं. मालविकावहिनीचं पत्र आलं आहे, चार पानी. तू म्हणे त्यांच्या ओव्हनमध्ये सोवळ्याचे पापड आणि उपासाच्या लोणच्याची बरणी भरलीस, वर धूतवस्त्र टाकलंस आणि सांगितलंस की आता हा सोवळ्यातला, पारोशाने शिवायचं नाही. वहिनी तीन वाजता शाळेतून येते आणि गार अन्न खाते. तिला वाटतं, तिच्या बाबांनी दिलेली वस्तू तुला डोळ्यांसमोर नको आहे. दादा काही बोलत नाही, तो कधीच बोलत नाही. चार एप्रिलचं तिचं नागपूरचं तिकीट आहे, बाळंतपणाला. ती लिहिते, गेले की वर्षभर तरी येणार नाही, माझ्या वस्तूला जिथे जागा नाही तिथे बाळाला काय असणार.

आजी, दुसऱ्याची वस्तू आहे ती. पापडांना डबे कमी पडले का?

नीरजा


(पोस्टकार्ड)
रामघाट, २८ फेब्रुवारी

नीरजास आशीर्वाद. सोवळं काय ते मला पुण्याहून शिकवू नकोस. डबा चांगला आहे, उंदीर शिरत नाही, पापड कुरकुरीत राहतात. गार खाते म्हणे. घरात गॅस आहे. मी गरम करून ताट वाढते तर बाईसाहेब "असू दे आजी" म्हणून गारच खातात. रुसू दे. डब्याला तिचा हात लागणार नाही म्हणजे नाही. विद्युल्लतेच्या सुनेचं अर्धंच उत्तर दिलंस. फट सापडण्याच्या आधी तीन आठवडे ती तो डबा रोज वापरत होती. त्या तीन आठवड्यांचं काय? तेवढं लगेच लिही. आजी.


पुणे
८ मार्च १९९६

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. तुझं पोस्टकार्ड मी तीनदा वाचलं, आणि मग तुझी जुनी पत्रंही काढून वाचली.

विद्युल्लताकाकूंना दोन मुली. एक इंदूरला, एक ग्वाल्हेरला. मुलगा नाही, तर सून कुठून आली? काकूंच्या घरी फ्रिजसुद्धा नाही. दिवाळीत मी गेले होते तेव्हा त्या कोळशाच्या शेगडीला वारा घालत होत्या आणि मला म्हणाल्या, गॅस म्हणजे आळशी बायकांची सोय.

त्या तीन आठवड्यांचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. गळती किती आहे ते मोजायला हवं, आणि ती ओव्हन लावून कुठे उभी राहत होती ते तिला विचारायला हवं. त्यासाठी आधी घर कुणाचं ते कळू दे.

आजी, वानर कोण?

तुझी, नीरजा


रामघाट
१७ मार्च १९९६

चि. नीरजास,

वानर मी.

मार्गशीर्षात कळशी घाटावरून आणायला लागले. पाणी भरणारा भगीरथ कहार गावी गेला तो आला नाही, म्हणून स्नान करून येताना मीच भरून आणायची. छोटी, पितळी. छोटी म्हणजे आठ शेर तरी पाणी. वर येऊन सोवळं बदलून देवघराचं कुलूप काढेपर्यंत ती ठेवायची कुठे? जमिनीवर सगळे चालतात. ओट्यावर मालविकाचा कांदा असतो. त्या डब्याचं दार उघडलं की आडवा पाट, स्वच्छ, पांढरा, आत कधी खरकटं सांडलेलं नाही. मला वाटलं सोयच केली आहे बनवणाऱ्याने. महिनाभर रोज ठेवली. कुणाला ठाऊक नाही. ते दोघं तेव्हा झोपलेले असतात.

संक्रांतीच्या दिवशी कळशी उचलली आणि दार वर गेलंच नाही. मी गुडघा लावून ढकललं. लागलं. पण कोपऱ्यात फट.

फट मला दिसली त्या दिवशी. बिजागरी त्याआधीच खचायला लागली असणार, कारण तीन आठवडे दार लावताना कुरकुरत होतं. मला वाटायचं नवीन आहे म्हणून कुरकुरतं. त्या तीन आठवड्यांत मालविका रोज त्याच्यात दूध तापवत होती, तिसऱ्या महिन्यात.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. तिला त्या डब्यापासून लांब ठेवायचं एकच हत्यार माझ्यापाशी होतं. सोवळं म्हटलं की या घरात कारण विचारत नाहीत. पापड भरले. माझे पापड डालडाच्या डब्यात सुखाने होते, तुला काय वाटलं.

सांगितलं का नाही म्हणशील. एक तर ती पोटुशी, काळजी करत बसली असती. हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं की या घरात मी बावन्न वर्षं आहे आणि माझं चुकलं हे वाक्य मी कुणासमोर बोललेले नाही. सासूसमोर नाही, तुझ्या आजोबांसमोर तर नाहीच. आता लग्नाला वर्षच झालेल्या नातसुनेसमोर सुरुवात करू?

ती माझ्याशी बोलत नाही. वाढलेलं ताट बाजूला सारते. कपाटातले स्वेटरसुद्धा भरले तिने, उन्हाळ्यात. म्हणजे थंडीतही इथे नसणार. अनिमेष दोघींच्या मधून वाट काढत फिरतो, मांजरासारखा.

मोजण्याचं यंत्र असतं म्हणालीस. पाठव. मला माझी भीती खरी की खोटी तेवढं कळू दे. मालविकाला काही लिहायचं नाही. लिहिलंस तर माझं तुझं संपलं.

आजी


पुणे
२३ मार्च १९९६

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. घाईत लिहिते. विश्वविद्यालयात माझे जुने सर आहेत, वासुदेवराव. त्यांच्याकडे गळती मोजायचा मीटर आहे. रविवारी एकतीस तारखेला दहा वाजता ते येतील. दादाला मी वेगळं लिहिलं आहे, ओव्हन गळतो आहे अशी मला शंका आहे, तपासून घ्या, एवढंच. पापड आणि बरणी बाहेर काढ. आत पेलाभर पाणी ठेवावं लागतं, रिकामा ओव्हन चालवत नाहीत.

वहिनीला मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. ते काम माझं नव्हे.

नीरजा


रामघाट
५ एप्रिल १९९६

चि. नीरजास,

आशीर्वाद. तुझे सर आले. रिक्षा मैदागिनच्या चौकात सोडावी लागली, मग गल्लीत पालिकेच्या गाडीइतका बैल आडवा बसलेला, तो उठेपर्यंत थांबले. घामाने निथळत अकराला पोचले. माणूस चांगला आहे, चपला काढायला सांगावं लागलं नाही. मी पेलाभर पाणी ठेवलं आणि विचारलं, गंगेचं हवं का नळाचं. म्हणाले, मीटरला दोन्ही सारखंच.

पेटीतून यंत्र काढलं, दांडीला पुढे शंकू लावलेला, म्हणजे अंतर बरोबर तीन बोटं राहतं. डबा लावला आणि बिजली गेली. तासभर आम्ही चौघं त्या डब्याभोवती बसून राहिलो, मयताला बसतात तसे. मालविका स्टुलावर, माझ्याकडे पाठ करून. तुझ्या सरांनी चार वेळा "हवा छान आहे" म्हटलं. मी त्यांना पापड भाजून दिले. तेवढाच पापडांचा उपयोग झाला.

बिजली आली. सरांनी आधी अर्थिंगची तार पाहिली, मी ती फेब्रुवारीतच नीट करून घेतली होती. मग दांडी दाराच्या कडेने फिरवायला लागले. डावीकडे काटा हलला नाही. वर नाही. उजवीकडे उतरत खाली आले आणि काटा उडाला तो टोकाला जाऊन आपटला. त्यांनी बटण फिरवून मोठ्या मापाची पट्टी लावली, पुन्हा मोजलं.

"चौदा," ते म्हणाले. "हद्द पाचाची." आणि डबा बंद केला.

मग जो कधी बोलत नाही तो बोलला. तुझा भाऊ मालविकाला म्हणाला, "तुला किती वेळा सांगितलं, दारं आदळू नकोस."

तिने मान खाली घातली. दारं आदळते हे तिलाही ठाऊक आहे. तिला वाटलं, झालं असेल आपल्याच हातून.

सर वाकून बिजागरी पाहत होते. ते म्हणाले, "आदळून असं नाही होत. याच्यावर वरून वजन पडलं आहे. बऱ्यापैकी, आणि बरेच दिवस."

"मग वानर असेल," अनिमेष म्हणाला. "जाळी उघडी राहते. इथली वानरं काय काय करतात, सर."

नीरजा, तुला खोटं सांगत नाही, वानर माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मी न सांगता त्याने ते आपणहून माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. नुसती मान हलवायची होती. सगळे सुटले असते, मालविकासुद्धा सुटली असती.

पण ती बोटं मोजत होती. कधीपासून, किती दिवस, ते आठवत होती, आणि दुसरा हात पोटावर. वानर कोणत्या तारखेला बसलं ते वानर तिला सांगणार नव्हतं. ते मलाच ठाऊक होतं.

मी म्हटलं, "वानर नाही. मी. पहाटे कळशी ठेवत होते त्याच्यावर. मार्गशीर्षापासून संक्रांतीपर्यंत. तीन आठवडे दार कुरकुरत होतं, तेव्हा तू वापरत होतीस. संक्रांतीनंतर मी वापरू दिला नाही."

मालविकाने तोंड वळवलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"म्हणून पापड?"

"म्हणून."

"मला सांगायचं नाही का, आजी?"

"तू घाबरली असतीस."

"आणि आता कोण घाबरलंय?"

मी म्हटलं, "माझं चुकलं." कसं म्हणतात ते माहीत नसल्यामुळे जरा मोठ्याने म्हटलं गेलं. शेजारी विद्युल्लतेच्या घरापर्यंत गेलं असणार, कारण तिची शेगडीची पंखी थांबली.

सर बिचारे पेल्यातलं पाणी बघत होते. मग त्यांनी मालविकाला विचारलं, "ओव्हन लावल्यावर तुम्ही कुठे उभ्या राहायचात?"

ती म्हणाली, "उभी कुठे राहते. सकाळी साडेसहाला वेळ असतो का? दूध आत ठेवून मी बाहेरच्या खोलीत वेणी घालायला जायची. टिंग वाजलं की यायची."

सरांनी पुन्हा डबा लावला, आम्हाला सगळ्यांना मागे उभं केलं आणि दांडी घेऊन मागे मागे गेले. हातभर अंतरावर काटा निम्म्याच्या निम्म्याहून खाली आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शून्य. बाहेरच्या खोलीत, जिथे तिचा आरसा आहे, तिथेही शून्य. दोनदा मोजलं. म्हणाले, "तुमच्या वेणीपर्यंत काही पोचलेलं नाही. बाळापर्यंतही नाही. मनाच्या समाधानासाठी डॉक्टरीणबाईंना दाखवा, पण यंत्राचं म्हणणं हे असं आहे."

सोमवारी दाखवलं. ठोके चांगले आहेत, वजन चांगलं आहे. डॉक्टरीणबाईंना किरणांचं सांगितलं तर त्यांनी आधी रक्तदाब विचारला आणि तो मालविकापेक्षा माझा जास्त निघाला. गोळी दिली आहे. घेते.

अनिमेषने तिची माफी मागितली की नाही मला ठाऊक नाही, मी आत निघून गेले होते. पण त्या संध्याकाळी तिने ताट बाजूला सारलं नाही. भाजी गरम होती. मीठ जास्त आहे म्हणाली. जास्तच होतं.

डबा कंपनीच्या माणसाने उचलून नेला आहे. नवीन दार बसवून, मोजून, कागद देऊन मग परत आणायचा, असं तुझ्या सरांनी त्याला लिहूनच दिलं.

काल ती गेली. स्वेटर कपाटात परत ठेवून गेली. मी मुद्दाम पाहिलं नाही, पापडाचा डबा ठेवायला कपाट उघडलं तेव्हा दिसले. दिवाळीच्या आत येणार, बाळाला घेऊन. नमस्कार करून उठताना तिला जड जात होतं, मी हात दिला. मग चपला घालता घालता म्हणाली, "आजी, मी नसताना ओव्हन दुरुस्त होऊन येईल. त्याला शिवायचं नाही."

"कुणी?" मी विचारलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

बावन्न वर्षं या घरात ते वाक्य मी लोकांना म्हणत आले आहे. मला कुणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हटलं. अनिमेष बॅग उचलता उचलता थांबला आणि मला विचारू लागला, आज गोळी घेतलीस ना, आजी.

आजी